टिकलीला दूध कुठून आलं?

परतीच्या पावसाने त्या दिवशी दुपारपासून नुसता उच्छाद मांडला होता. नाचणे रोडवरच्या आपल्या छोट्याशा दवाखान्यात डॉ. मृणाली शिवलकर एका सशाची नखं कापून हात धूत होती, एवढ्यात दारात एक तरुण येऊन उभा राहिला. नखशिखान्त भिजलेला. रेनकोट होता त्याच्याजवळ, पण तो त्याने आपल्या कुत्रीच्या अंगावर टाकला होता. आणि त्या कुत्रीने तोंडात एक निळी रबरी चप्पल धरली होती... अगदी हळुवार, पिल्लू धरावं तशी.

"नाव?" कार्ड पुढे ओढत मृणालीने विचारलं.

"ऋत्विक नागवेकर. भाट्ये."

"कुत्रीचं विचारलं."

"अं... टिकली."

"वय?"

"एकोणतीस."

मृणालीने मान वर केली. त्याच्या केसांतून ओघळणारं पाणी नाकाच्या शेंड्यावर येऊन थांबलं होतं.

"तिचं तीन," तो घाईघाईने म्हणाला.

दवाखान्यात वर्षानुवर्षं मदतीला असलेल्या विमलाताई पदर तोंडावर धरून आतल्या खोलीत पळाल्या. मृणालीलाही हसू आलं होतं, पण तिने ते कार्डाकडे बघण्यात लपवलं.

टिकली टेबलावर शांत उभी राहिली. नको इतकी शांत. कपाळावर पांढरा ठिपका, डोळे जड, मागचे पाय किंचित ताठर. आणि पोटाखाली... मृणालीने बोटाने हलकेच दाबलं, तर दूध आलं.

"पिल्लं कधी झाली?"

"झालीच नाहीत. कधीच नाही. त्या चपलेलाच पिल्लू समजते. तिच्याभोवती वेटोळं घालून बसते, कुणाला हात लावू देत नाही."

"होतं असं कधीकधी. माजावर येऊन गेल्यावर दोनेक महिन्यांनी अंगाला उगीच वाटतं, आपण आई झालो. दोन-तीन आठवड्यांत आपोआप जातं. शेवटची माजावर कधी आली होती?"

"फेब्रुवारीत."

मृणालीचं पेन थांबलं. बाहेर ऑक्टोबरचा पाऊस कोसळत होता.

"मध्ये?"

"ऑगस्टमध्ये यायला हवी होती. आलीच नाही."

"कुठली गोळी-बिळी चालू आहे का?"

साधा प्रश्न होता. रोज दहा जणांना ती तो विचारायची. पण ऋत्विकची नजर तिच्यावरून निसटली आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर जाऊन बसली.

"नाही. आमच्या घरात कसलीच गोळी नाही."

मी कुत्रीचं विचारलं, हा घराचं का सांगतोय? मृणालीच्या मनात ते बारीक कुसळासारखं रुतलं. सहा वर्षांच्या धंद्यात ती एक गोष्ट शिकली होती: जनावर बोलत नाही, आणि मालक खरं बोलत नाही.

तिने दूध आटवायचं औषध दिलं. "चार दिवसांनी फोन करून कळवा," म्हणाली.

त्याने फोन केला नाही. चौथ्या दिवशी तो स्वतःच आला. मग सहाव्या. मग आठव्या. औषधाने काडीचा फरक पडत नव्हता, पण तेवढ्यासाठी भाट्याचा पूल ओलांडून यायची काही गरज नव्हती, हे दोघांनाही ठाऊक होतं. तो सांगायचा, सहा वर्षं बोटीवर होतो. तीन वर्षांपूर्वी नोकरी सोडून घरी आलो. आता घरालगतच्या दोन खोल्या पर्यटकांना देतो, जेवणखाण मी आणि आई बघतो.

"बोट का सोडलीत?"

"घरी माणूस लागतं," तो म्हणाला, आणि लगेच डबा पुढे सरकवला. "आईने पातोळे केलेत. हळदीच्या पानातले. विमलाताईंना द्या... आणि उरलेच तर तुम्ही घ्या."

मृणालीने झाकण उघडलं. हळदीच्या पानांचा तो वाफाळ वास!

"तुमच्या आईंना एकदा भेटायला हवं."

ऋत्विकच्या चेहऱ्यावरचं हसू दिव्याची वात ओढून घ्यावी तसं आत गेलं. "ती... फारशी भेटत नाही कुणाला."

पुन्हा कुसळ. हा मोकळा माणूस एका ठरावीक जागी आला की दार का लावून घेतो?

दिवाळीचे पाहुणे यायच्या आत त्याला खोल्या रंगवायच्या होत्या, म्हणून टिकली आठ दिवस दवाखान्यात राहिली. आणि नवल घडलं! तिसऱ्या दिवशी ती भुंकली. पाचव्या दिवशी चप्पल कोपऱ्यात टाकून विमलाताईंच्या झाडूमागे धावली. आठव्या दिवशी दूध आटत आलं. तेच औषध, तीच मात्रा, फक्त घर बदललं होतं.

त्या आठही संध्याकाळी ऋत्विक येऊन गेला.

"टिकलीला बघायला रोज यायची गरज नाही," मृणाली म्हणाली. "ती सुखात आहे."

"ती झोपलेली असली तरी येतोच की मी."

"मग कशाला येता?"

"ते... टिकलीला नाही विचारायचं," तो म्हणाला, आणि कानामागे लाल होऊन निघून गेला. मृणाली पुढचा अर्धा तास रिकाम्या टेबलावरचं पुसलेलंच पुसत राहिली.

पण टिकली घरी गेली आणि दहा दिवसांत परत आली. तेच जड डोळे, तेच ताठर पाय. पुन्हा दूध, पुन्हा चप्पल.

"तुमच्या घरात काहीतरी आहे," मृणाली सरळ म्हणाली.

"काय असणार? भात-मासे खाते, झोपते. पूर्वी रात्रभर भुंकायची, एका पाहुण्याने तर तशी तक्रारच लिहिली होती ऑनलाइन. आता भुंकत नाही, तेवढंच बरं."

तेवढंच बरं... हे शब्द त्या दिवशी तिच्या मनात कसेसेच वाजले.

आणि दोन दिवसांनी ते गच्च रुतून बसले. मारुती मंदिराजवळच्या औषधांच्या दुकानात ती हातमोजे घ्यायला गेली होती. काउंटरवर ऋत्विक पाठमोरा उभा. दुकानदार म्हणत होता, "डोस वाढवलाय वाटतं?" ऋत्विकने मान हलवली आणि गोळ्यांची पाकिटं खिशात कोंबली. पण कोंबण्याआधी मृणालीने नाव वाचलं होतं.

मेंदूच्या आजारावरची गोळी. डोपामिन हे मेंदूतलं रसायन अडवणारी.

कॉलेजात शिकलेलं सगळं क्षणात ओळीने उभं राहिलं. डोपामिन हे दुधाच्या हॉर्मोनच्या गळ्यातलं दावं. ही गोळी ते दावं सोडते. मग तो हॉर्मोन मोकाट सुटतो: पिल्लू नसताना दूध उतरतं, आणि शरीराला वाटतं, अंगावर पिणारं कुणी आहे, आता दुसरं नको... म्हणून माजच येत नाही. कोंबडी खुडूक बसते ती याच हॉर्मोनपायी. वर ही गोळी जनावराला सुस्तही करते. भुंकू देत नाही.

ती त्याच्या मागोमाग रस्त्यावर आली.

"ऋत्विक! कुणासाठी आहेत त्या?"

तो थबकला. तिला बघून त्याचे डोळे आधी हसले, मग प्रश्न कळला तसे विझले. "कशा?"

"खिशातल्या. घरात कसलीच गोळी नाही म्हणाला होतात."

त्याचा हात खिशावर गेला.

"पाहुण्यांच्या झोपेसाठी त्या मुक्या जिवाला गुंगवता? म्हणून दूध येतंय तिला, म्हणून ती माजावर येत नाही! आणि वर माझ्याकडे औषधाला आणता... खरंच, कमाल आहे तुमची."

ऋत्विकच्या तोंडचा रंग उडाला. त्याने गाडीची किल्ली काढली. मग अगदी हळू म्हणाला, "झाली तपासणी?" आणि गाडीला किक मारून निघून गेला.

खरा चोर भांडतो, हात वर करतो, शपथा घेतो, हे मृणालीला अनुभवाने माहीत होतं. हा मात्र मार खाल्ल्यासारखा गेला. दोन दिवस तिला जेवण गेलं नाही. आपण चुकलो की काय? पण मग गोळ्या? मग दूध? एक शंका शमवावी तर दुसरी फणा काढायची. शेवटी रविवारी दुपारी तिने स्कूटर काढली, पूल ओलांडला आणि सुरूच्या झाडांमागचं घर शोधून काढलं.

अंगणात त्याची गाडी नव्हती. हाक मारणार, तोच घरामागून बाईचा आवाज आला. ती केळींच्या कडेने मागीलदारी गेली आणि जागच्या जागी थांबली.

पायरीवर पन्नाशीला टेकलेली एक बाई बसली होती. नीट विंचरलेले केस, फिकट जांभळी साडी. पुढ्यात ताट, ताटात भात आणि तळलेला बांगडा. तिने इकडेतिकडे पाहिलं, गालाच्या आतून बोटाने एक पांढरी गोळी काढली, काटे काढलेल्या बांगड्याच्या तुकड्यात ती दाबली आणि टिकलीपुढे धरली.

"खा गो बाय. तू शहाणी."

मृणालीच्या पायाखाली केळीचं सुकं पान चुरचुरलं. बाई दचकून उठली.

"कोण गो तू? शेजारणीने पाठवलं तुला?"

"नाही काकी. मी टिकलीची डॉक्टर. मृणाली."

बाईने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. नजर धारदार होती, पण त्या धारेच्या मागे भीती होती. "आमच्या विहिरीचं पाणी प्यायलीस काय?"

"नाही."

"पिऊ नको. कोणतरी त्यात काय टाकतं. मना वास येतो."

मृणालीला सगळं कळलं. गोळ्या कुणाच्या, दार का लावलं जातं, आणि दुकानासमोर एका माणसाच्या तोंडचा रंग का उडाला. तिला तिथल्या तिथे जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. पण ती पायरीवर बसली. टिकली चप्पल ओढत आली आणि तिच्या पायांवर डोकं टेकून झोपली.

"काकी... गोळी का नाही घेत?"

ऋत्विकच्या आईने, दमयंतीकाकींनी, विहिरीकडे तोंड फिरवलं. विहिरीवरच्या रहाटावर एक कावळा येऊन बसला, उडून गेला.

"लग्न झालंय तुझं?"

"नाही."

"मग तुला कसं सांगू..." त्यांनी पदर छातीशी घट्ट ओढून घेतला. आवाज अगदी तळाशी गेला. "शिमग्यानंतर डागतराने गोळी बदललान. महिन्याभरात पोलकं ओलं व्हायला लागलं. दूध गो! ऋत्विकला पाजलं त्याला किती वर्षं झाली... नवरा जाऊन पाच वर्षं. मी विधवा बाई. लोकांना कळलं तर काय म्हणतील? डागतर पुरुष. आणि बाजूला उभा असतो तो माझाच पोर. कुठल्या तोंडाने सांगू?"

मृणाली सरकून त्यांच्या जवळ बसली.

"गोळी सोडली नि थांबलं," काकी म्हणाल्या. "पण तो मोजतो. समोर उभा राहून देतो. टाकली तर सापडंल त्याला. म्हणून हिला. माणसाची गोळी कुत्रीला काय लागतेय, असं वाटलेलं."

"लागते, काकी. जे तुम्हाला झालं, तेच हिला झालंय."

काकींनी टिकलीकडे पाहिलं. तिच्या पोटाकडे, तिने कुशीत घेतलेल्या आपल्याच निळ्या चपलेकडे. आणि तोंडात पदराचा बोळा कोंबून रडू लागल्या.

"तुमचं काही चुकलं नाही," मृणालीने त्यांचा हात धरला. "यात पाप नाही, लाज नाही. गोळीचा गुण आहे तो. दुसऱ्या गोळ्या असतात. बाई डॉक्टर शोधू. तिला सांगाल?"

"तू येशील बरोबर?"

"येईन."

"ऋत्विकला दुधाचं नको सांगू."

"नाही सांगणार. पण गोळीचं सांगावंच लागेल."

पुढच्या अंगणात गाडी वाजली. स्टेशनवरून पाहुण्यांना घेऊन आलेला ऋत्विक मागीलदारी आला आणि त्या दोघींना एका पायरीवर बघून जागीच खिळला.

"माझ्या पाठीमागे? माझ्या घरात?" आवाज चढला नव्हता, पण थरथरत होता. "आणखी काय शोधायचं राहिलं होतं, डॉक्टर?"

मृणाली उठली. त्याला विहिरीपाशी नेऊन तिने जेवढं सांगता येण्यासारखं होतं तेवढं सांगितलं. तो ऐकता ऐकता विहिरीच्या कठड्यावर बसला.

"तोंड उघडून दाखवते ती मला... रोज. मला वाटलं आजार वाढतोय. डॉक्टरांनीही डोस वाढवला." त्याने दोन्ही हातांनी चेहरा झाकला. "तो सगळा टिकलीच्या पोटात जात होता?"

"हो."

"आणि मी..."

"मला पहिल्याच दिवशी खरं सांगितलं असतंत तर?"

"एकदा सांगितलं होतं मी खरं," तो खाली बघत म्हणाला. "साखरपुडा झाला होता माझा. आईचं मीच त्यांच्या कानावर घातलं. चौथ्या दिवशी अंगठी परत आली. त्यानंतर घरात गोळी आहे हे कुणाला सांगितलं नाही. आणि तुम्हाला तर... मुळीच सांगायचं नव्हतं."

"मला का मुळीच नाही?"

त्याने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. सुरूच्या बनातून वारा सळसळत आला आणि मृणालीलाच खाली बघावं लागलं.

"मी तुमच्यावर नको तो आळ घेतला," ती म्हणाली. "भर रस्त्यात. चुकलं माझं."

"पुरावा तसाच होता."

"पुराव्याने माणूस कळत नाही." एवढं बोलून ती निघाली.

पुढच्याच आठवड्यात तिघं कोल्हापूरला गेली. तिथल्या बाई डॉक्टरांनी काकींशी तासभर एकांतात बोलून घेतलं, गोळी बदलली आणि म्हणाल्या, "ही नवी गोळी डोपामिन पूर्ण अडवत नाही, तसा त्रास सहसा होत नाही. झालाच तर मला फोन करायचा, लपवायचं नाही." परतताना आंबा घाटात चहाला थांबल्यावर काकींनी आपण होऊन मुलाला हाक मारली. मृणाली मुद्दाम लांब, कठड्याशी जाऊन उभी राहिली. मागे वळून पाहिलं तेव्हा ऋत्विक आईच्या पायांशी बसला होता आणि त्या त्याच्या केसांतून हात फिरवत होत्या.

सुधारणा एका दिवसात नाही झाली. डिसेंबर निम्मा सरेपर्यंत काकी विहिरीचं पाणी वास घेतल्याखेरीज प्यायल्या नाहीत. पण गोळी मात्र स्वतःच्या हाताने घेत होत्या, आणि घेतल्यावर मृणालीला फोन करून सांगत होत्या, "घेतली हो!" टिकलीचं दूध आटलं. चप्पल काकींच्या पायात परत आली. मृणाली दर रविवारी पूल ओलांडत होती. कुणी विचारलं तर टिकलीला तपासायला जाते म्हणायची, आणि विमलाताई "हो का?" म्हणून छताकडे बघायच्या.

जानेवारीच्या एका सकाळी ऋत्विकचा फोन आला.

"डॉक्टर, लवकर या. दारात सात नवरदेव बसलेत!"

ती पोचली तेव्हा फाटकापाशी भाट्यातले यच्चयावत कुत्रे जमले होते. एक लंगडा काळा, एक कान तुटलेला, एक चक्क गळ्यात पट्टा असलेला. ऋत्विक हातात काठी घेऊन वधूपित्यासारखा घामाघूम झाला होता. खिडकीत टिकली बसली होती, शेपटी हलवत, सगळ्यांवर सारखीच मेहेरबान.

मृणाली हसता हसता फाटकाला टेकली. "आली माजावर! अकरा महिन्यांनी! बरी झाली हो पोर."

"हिला कळतं, कुणाला आत घ्यायचं," ऋत्विक म्हणाला. काठी खाली ठेवून तो जवळ आला. "मला मात्र... मृणाली, मला नीट विचारता येत नाही. पण लपवूनही ठेवता येत नाही आता. पहिल्या दिवशी वय विचारलंत ना, तेव्हापासूनच..."

"कुत्रीचं विचारलं होतं."

"माहीत आहे."

तिच्या गालांवर उन्हाची तिरीप आली होती, की दुसरंच काही, कोण जाणे.

"आधी एक ऐक," ती म्हणाली. "मी घरी सांगितलंय. पालीला, आईला. तुझं... आणि काकींच्या आजाराचंही."

ऋत्विकचा चेहरा ताणला गेला. परत आलेली अंगठी त्याला आठवली असावी. "काय म्हणाल्या?"

"दोन दिवस बोललीच नाही."

"...आणि मग?"

"तिसऱ्या दिवशी तिचा फोन आला. विचारलं, त्या बाई आता गोळ्या वेळेवर घेतात ना?" मृणालीचा आवाज जरा हलला. "मी हो म्हटलं. तर म्हणाली, मग रविवारी आण सगळ्यांना जेवायला."

तो हसला. मग त्याच्या लक्षात आलं. "तू मला 'तू' म्हणालीस."

"म्हणाले. येशील ना? पण काकींना घेऊन ये. त्यांना घरी लपवून ठेवून एकटा आलास, तर दारातून परत पाठवीन."

त्याने तिचा हात हातात घेतला, आणि तिने तो राहू दिला. फाटकाबाहेर लंगड्या काळ्याने एकदाच भुंकून निषेध नोंदवला.

आणि इतका वेळ स्वयंपाकघराच्या खिडकीआड श्वास रोखून उभ्या असलेल्या दमयंतीकाकींना काही राहवेना.

"अगो मृणाली," त्यांनी आतूनच विचारलं, "मी कुठली साडी नेसू गो?"